मालनबाईची वाजती नळी

फुकट अक्कल देणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. आपला वेळ मोडून, आपल्या पायांनी चालत येऊन कुणी दुसऱ्याच्या धंद्यात सुधारणा सुचवायला लागला, की याच्या पोटात काहीतरी आहे असं मी धरूनच चालतो. हा स्वभाव चांगला नाही, असं आमच्या घरच्यांनी मला वेळोवेळी ऐकवलेलं आहे. पण त्याला इलाज नाही. या स्वभावाला पुरून उरल्या त्या एकट्या मालनबाई. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आश्रुबा मिस्तरीच्या दुकानाबद्दल लिहावं लागेल, कारण त्या मला तिथेच भेटल्या.

माझं मानवतला पाथरी रस्त्यावर सायकलीचं दुकान. पंक्चर काढायचं, हवा भरायची, तासाच्या भाड्यानं सायकली द्यायच्या. शेजारी आश्रुबा लोहाराची भट्टी. तिचा धूर माझ्या दुकानात आणि माझी गिऱ्हाइकं त्याच्या बाकावर, असा आमचा शेजार. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी कुदळी, विळे, वखराच्या पासा, म्हणजे आडवी पाती, धारेला घेऊन यायचे. काम होईपर्यंत बाकावर बसायचे आणि अवजारांना शिव्या द्यायचे. कोळपं गवतात अडकतं, विळ्याची मूठ घामानं सटकते, फण ढेकळावर उडतो. लोहारापुढे बसून अवजाराला शिवी देणं म्हणजे लोहारालाच शिवी देण्यासारखं. दुसरा कुणी असता तर हातोडा घेऊन अंगावर आला असता. आश्रुबा मात्र भाता ओढायचा थांबायचा आणि विचारायचा, "मग कसं पाह्यजे?"

एवढ्या एका प्रश्नानं माझ्या दुकानापुढची वाट कायमची अडली.

पहिला अडकला तो लिंबाजी. जमीन दोन एकर, बोलणं वीस एकराचं. कोळप्याच्या पासेची टोकं जरा मागं वळव, म्हणजे गवत निसटून जाईल, असं त्यानं सांगितलं. आश्रुबानं वळवली. गवत निसटलं. पुढच्या बाजाराला चारपाच जण आले आणि म्हणाले, लिंबाजीसारखं कोळपं दे. कोणतं कुणासारखं याचा घोटाळा नको म्हणून आश्रुबानं त्या पासांवर छिन्नीनं टिंबं टिंबं मारून 'लिंबाजी' असं घातलं, आपण घरच्या तांब्यावर, परातीवर नाव घालून घेतो तसं. लिंबाजीनं ते पाहिलं. उपरण्याच्या टोकानं पुसून पुन्हा पाहिलं. मग उरलेल्या सगळ्या पासा एकेक करून उचलून पाहिल्या. त्या दिवसापासून हा गृहस्थ बाजारात सगळ्यांच्या आधी हजर, आणि दर वेळी डोक्यात काहीतरी नवीन.

चाल पडली. ज्याची युक्ती चालेल त्याचं नाव त्या अवजारावर. मी माझ्या परीनं कारण शोधत होतो. आधी वाटलं, चहासाठी येतात. आश्रुबाच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, कंटाळून चहा बंद केला तरी माणसं येतच राहिली. मग वाटलं, फुकटात अवजार मिळेल या आशेनं येत असतील. आश्रुबानं कधी कुणाला एक खिळा फुकट दिला नाही. तेव्हा मी ठरवून टाकलं की हा सगळा नावाचा हव्यास आहे. त्याला पुरावाही मिळाला. दत्तराव म्हणून एक गृहस्थ होते. विळ्याला हातभर दांडा लावा, म्हणजे वाकायची गरज नाही, असं त्यांनी सुचवलं आणि हटून नाव घालून घेतलं. तो विळा मानेत मोडायला लागला. मग बाजारभर एकच चर्चा. कुणी म्हणे, दत्तराव मोडला. कुणी म्हणे, दत्तराव आमच्या बांधावर वाकडा होऊन पडलाय. बिचारे दत्तराव तोंड लपवत आले आणि म्हणाले, "मिस्तरी, नाव तेवढं खोडा."

"नाव खोडायचं का इळा सुधरायचा?" आश्रुबानं विचारलं.

दत्तराव विचारात पडले. मग बाकावर बसले आणि दोन बाजार बसून त्यांनी त्या विळ्याची मान जाड करून घेतली. मी पोट धरून हसलो होतो, पण माणूस टिकला हे खरं.

तर अशा या बाकावर सगळे पुरुष. बायका आपापली खुरपी टाकून भाजी घ्यायला जायच्या आणि परतताना घेऊन जायच्या. त्र्याऐंशी सालच्या पेरणीच्या आधी एका बाजारी मालनबाई आल्या आणि हे बदललं.

मालनबाईंचं माहेर चारठाण्याचं, सासर मानवतपासून दोन कोसांवरच्या एका गावातलं. चाळिशीच्या आतबाहेरच्या, काटक, रंगानं काळ्या, आणि बोलायच्या आधी थोडं हसायची सवय. बौद्धवाड्यात घर. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांच्या गावानंही वाड्यावरची घरं जाळली होती. मालनबाईंचं त्यात होतं. नवरा सिताराम आणि त्या, दोघांनी पुन्हा माती कालवून भिंती घातल्या. आणि भिंती घालून झाल्यावर मजुरीला जायचं कुठं, तर त्याच गावच्या रानात. तिथले मोठे जमीनदार म्हणजे गावचे पाटील, दिनकरराव. त्यांच्याकडे मालनबाई पेरणीला, खुरपणीला, वेचणीला जायच्या. त्या दिवशीही दिनकररावांचीच मोघण दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या.

मोघण म्हणजे काय, ते शेतीशी संबंध नसलेल्या वाचकाला सांगायला हवं. तीन फणांची पेरायची तिफण पुढं चालते, ती गडी धरतो. तिच्या मागं दोरीनं बांधलेली एक सुटी बांबूची नळी ओढली जाते, ती मोघण. नळीच्या तोंडाशी वाटी असते. बाई ती धरून मागं चालते आणि मुठीतून तुरीचे दाणे सोडत जाते. तुरीचं तास, म्हणजे पेरलेली ओळ, भरलं की नाही, हे त्या बाईच्या हातावर.

आश्रुबानं नळीच्या बुडाशी लोखंडी कडं बसवून दिलं. मालनबाई हलेनात. बाकापासून अंतर राखून, माझ्या आणि त्याच्या दुकानाच्या मधल्या जागेत उभ्या. बाकावर तिफणीचा विषय रंगला होता. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "मिस्तरी, एक बोलू का?"

"बोला की."

"तुमी समदे तिफणीचं बोलायलाव. मोघणीचं कुणीच बोलंना. बोलणार बी कसं, ती धरायला बाया असत्यात."

लिंबाजी हसला. "मोघणीत काय सुधरायचंय? बांबूची नळी ती."

"तीच तर तकरार हाय, दाजी. नळीच्या बुडाला चिखल भरतो. वरून म्या बी सोडायलेय, खाली एक दाणा पडंना. मला दिसंना. आठ दिसांनी रान उगवतं तवा कळतं, अर्धं तास मोकळं. मग बोलणी कुणाला?"

बाकावरच्या प्रत्येकानं कधी ना कधी ती बोलणी कुणातरी बाईला दिलेली होती.

"मग कसं पाह्यजे?" आश्रुबानं विचारलं.

"दिसली न्हाई तरी चालंल," मालनबाई म्हणाल्या. "वाजली पाह्यजे."

असं म्हणून त्या सरळ माझ्या दुकानात आल्या. मोडीत काढलेल्या मडगार्डाचा एक तुकडा उचलला, विचारलंही नाही. पदराच्या गाठीतून तुरीचे चार दाणे काढले, पत्रा तिरपा धरला आणि त्यावर एकेक सोडला. टण, टण, टण. "ह्यो नळीच्या आत बशीवला तर दाणा त्याच्यावर आपटून खाली जाईल. वाजायलंय तवर बी पडायलंय. वाजायचं थांबलं की म्या हो म्हणते, बैल थांबत्यात, काडी घालून नळी मोकळी करायची, की चाललं."

मी माझ्या मडगार्डाकडे बघत राहिलो. आश्रुबा मालनबाईंकडे बघत राहिला. तिफणी ठोकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि अवजाराला बोलतं करावं हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हा माझा अंदाज नाही, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

पहिला पत्रा त्यानं सैल बसवला. नळी रिकामी हलवली तरी खडखड वाजायची. मालनबाईंनी पुढच्या बाजाराला ती कानाशी हलवून परत केली. "ही चुगलखोर हाय. रिकामी असताना गप ऱ्हायली पाह्यजे." मग आश्रुबानं पत्रा घट्ट रिबिटांनी बसवला. तो सपाट बसल्यावर आवाज मुका झाला. मग कडा जरा उचलली. मालनबाई डोळे मिटून उभ्या राहायच्या, आश्रुबा दाणे सोडायचा, आणि त्या मान हलवून हो किंवा नाही सांगायच्या. माझी पंक्चरची गिऱ्हाइकंसुद्धा हे बघत थांबायला लागली. शेवटी एका बाजारी त्यांनी डोळे मिटल्या मिटल्या हसून सांगितलं, "आता बोलायलीय."

त्या साली दिनकररावांच्या रानात मालनबाईंच्या हातची तुरीची तासं अशी भरली, की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. आणि इकडे बाकाजवळ बायका उभ्या राहायला लागल्या. लिंबाजीची बायको कस्तुराबाई म्हणाली, माझ्या विळ्याची मूठ माझ्या हाताएवढी कर, ह्यांच्या नाही. आमच्या गल्लीतल्या कमलबाईनं सरकीच्या डब्याची कडी बदलून घेतली. पुरुषांना जागा कमी पडायला लागली आणि मला तर पायडल मारायलाही जागा उरली नाही. मी तक्रार केली. आश्रुबा म्हणाला, "बन्सीशेठ, तुमी बी कायतरी सांगा की." मला काही सुचलं नाही, याचा राग वेगळा.

वर्ष सरलं. दिनकरराव राजदूत मोटारसायकलवर बसून आले. भावकीत सगळ्यांना या नळ्या हव्या होत्या, मोठी ऑर्डर होती. आश्रुबानं छिन्नी उचलली तसे दिनकरराव म्हणाले, "नाव आमचं घाल. मोघण आमची, रान आमचं, मजूर आमची. युक्ती आमच्याच शेतात निघाली म्हणायची."

आश्रुबानं नळ्यांच्या लोखंडी कड्यांवर घातलं. 'दिनकरराव'. ठसठशीत.

मी बघितलं आणि काही बोललो नाही, कारण मला वाटलं आश्रुबाला कळतच असेल. त्याला वाटलं, ती मजुरी करणारी बाई, तिला नाव घेऊन काय करायचंय. हे त्याचं डोकं लोहाराचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका बाजारी मालनबाई खुरप्याला धार लावायला आल्या होत्या. एक परगावचा शेतकरी आला आणि म्हणाला, "ती दिनकररावाची वाजती नळी हाय का?" आश्रुबानं काढून दिली. मालनबाईंनी त्या नळीकडे पाहिलं, आश्रुबाकडे पाहिलं. हसल्या नाहीत. खुरपं उचललं, धार लावायच्या आधीच, आणि निघून गेल्या.

पुढच्या बाजाराला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग कस्तुराबाईनं बाकाजवळ थांबायचं बंद केलं, कमलबाईनं केलं. कुणी भांडलं नाही, कुणी निरोप धाडला नाही. बायकांनी खुरपी टाकायची आणि भाजीला जायचं, पूर्वीसारखं. आश्रुबा विचारायचा, मग कसं पाह्यजे, आणि त्या म्हणायच्या, हाय तेच ठीक हाय मिस्तरी. बाकावर लिंबाजी तेच तेच सांगत बसायचा. गप्पा खूप, पण नवीन असं काही निघेना.

मला संताप आला. एक तर माझं मडगार्ड त्यात गेलेलं. मी भट्टीपाशी जाऊन सांगितलं, "मिस्तरी, तुम्ही चोरी केलीत. आणि ती चोरी दुसऱ्याच्या नावानं छिन्नीनं कोरून ठेवलीत."

आश्रुबा खाली बघून भाता ओढत राहिला. मग म्हणाला, "सायकल द्या तुमची. आणि चला संगं."

आम्ही दोन कोस सायकली हाणत बौद्धवाड्यात गेलो. मालनबाई दारात बसून डाळ पाखडत होत्या. जयभीम झाला. बसायला पोतं आलं. आश्रुबानं आढेवेढे न घेता सांगितलं, की माझी चूक झाली, तुमी यायचं थांबवू नका.

मालनबाईंनी सूप खाली ठेवलं. "मिस्तरी, मला काय नाव मोठं करायचं न्हाई. कुठं लावू मी ते नाव? पण एक सांगा. तास मोकळं गेलं की पाटील बांधावर हुबा ऱ्हाऊन वरडतो, माले, बी गिळलंस का. सारं रान ऐकतं. शिवी माझ्या नावानं येती. तवा कुणी म्हणत न्हाई, मोघण पाटलाची, रान पाटलाचं, मग शिवी बी पाटलाची. आन् तास भरलं, की नाव त्याचं. ह्याला काय म्हणायचं?"

येताना रस्ताभर मला माझ्या हव्यासाच्या सिद्धांताची लाज वाटत होती. लोक नावासाठी येतात हे खरं, पण ते नाव म्हणजे मिरवायचा फेटा नव्हे. जे माझ्या डोक्यातून निघालं ते माझंच आहे असं चारचौघांनी धरलं, तर माणूस दुसरं काढायला बसतो. ते हिसकलं, तर तो भांडतसुद्धा नाही. गप्प होतो. आणि गप्प झालेल्या माणसाकडून तुम्ही काहीच काढून घेऊ शकत नाही, मग तुम्ही पाटील असा की लोहार.

दुसऱ्या दिवशी आश्रुबानं शिल्लक असलेल्या सगळ्या नळ्यांवरचं नाव कानशीनं घासलं आणि नवीन घातलं. मालनबाई. मी म्हणालो, "मिस्तरी, दिवस कसे आहेत ते बघताय ना? दगड पडतील." तो म्हणाला, "पडू द्या. लोखंडाचं दुकान हाय."

पहिली नळी त्यानं सितारामच्या हाती वाड्यावर पाठवली नाही. मालनबाईंना बाजारात बोलावून, बाकावरच्या सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिली. त्यांनी टिंबांवरून बोट फिरवलं. "काय घातलंय?"

"मालनबाई," मी वाचून दाखवलं.

"बाई बी घातलंय?"

"घातलंय की."

"नुसतं मालन घातलं असतं तरी चाललं असतं."

"लिंबाजीला नुसतं लिंबाजी घातलंय," आश्रुबा म्हणाला, "ते त्याच्या वागण्यापायी." सगळा बाक हसला, लिंबाजी सोडून. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. मला स्वतःला मात्र भरून आलं होतं, ते मी हवेचा पंप मारण्यात घालवलं.

दगड पडले नाहीत, पण गिऱ्हाईक पडलं. दिनकररावांनी भावकीत निरोप फिरवला, की पाटलाच्या तिफणीमागं तिचं नाव ओढायचं नाही. मोठ्या घरांनी अजून न नेलेल्या ऑर्डरी मागं घेतल्या. बाकावरचे निम्मे लोक दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. दिनकररावांनी दुसरा एक लोहार गाठला, नमुना दाखवला आणि तश्शाच नळ्या करून घेतल्या. त्यांच्यावर त्यांचं नाव आणखी मोठ्या अक्षरात. तो लोहार हुशार होता, पण त्यानं नळी नुसती पाहिली होती. डोळे मिटून उभ्या राहिलेल्या मालनबाई त्यानं पाहिल्या नव्हत्या. त्यानं पत्रा सैल बसवला.

मृगाची पेरणी सुरू झाली. लिंबाजीनं दिनकररावांच्या भावकीच्या भीतीनं साधी, मुकी मोघण काढली. कस्तुराबाईनं ती हातात घेऊन पाहिली आणि बांधावर आडवी टाकली. "मालनबाईची नळी आण. न्हाई तर ही तूच धर, तिफण म्या धरते." बैल जुंपलेले, जमिनीला पेरण्याजोगा वाफसा आलेला, आणि बायको बांधावर मांडी घालून बसलेली. लिंबाजी सायकल भाड्यानं घ्यायला माझ्याकडेच आला होता, म्हणून मला हे शब्दशः माहीत आहे. त्यानं नळी नेली, पण नाव आतल्या बाजूला करून, उपरण्यात गुंडाळून.

पुढं गुंडाळायची सोय राहिली नाही. गावोगावच्या बायका एकमेकींना भेटत होत्या, विहिरीवर, बाजारात, एसटीत. पेरायला माणसं तिफण धरतील, पण मोघण बायकाच धरणार, हे सगळे पाटील विसरले होते. मुकी नळी आम्ही धरणार नाही, मागून बोलणी ऐकणार नाही, असं मजुरणी पेरणीच्या तोंडावर सांगायला लागल्या. पेरणी काही कुणासाठी थांबत नाही. जो तो आश्रुबाकडे धावत सुटला. भट्टी विझायला सवड नव्हती. माझी मोडीतली सगळी मडगार्डं संपली आणि दोन चांगल्या सायकली मी बिनमडगार्डाच्या भाड्यानं दिल्या.

दिनकररावांनी मात्र आपल्याच नळ्या वापरल्या. त्या खडखड खडखड छान वाजल्या. बी पडो न पडो, वाजल्या. आठवड्यानं रान उगवलं तेव्हा तुरीच्या तासांत माणूस आडवा झोपेल एवढ्या मोकळ्या जागा. दिनकरराव बांधावर उभे राहून ओरडले. रानात त्या दिवशी मालनबाई होत्या, त्यांच्या शेजारची बायनाबाई होती, आणखी दहाबारा बायका होत्या. मालनबाईंनी पाठ सरळ केली आणि शांतपणे सांगितलं, "नळी तर वाजायलती, पाटील. आमी आवाजावर चाललो. तिच्यावर नाव बगा की कुणाचं हाय."

त्या बायका हसल्या. खाली मान घालून, तोंडावर पदर घेऊन हसल्या, पण हसल्या. त्या रानात असं कधी झालं नव्हतं. ही हकिगत मला वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळी सांगितली, पण हसण्यापाशी सगळ्यांचं एकमत होतं.

दिनकररावांचं निम्मं रान पेरायचं राहिलं होतं. मजुरणींनी त्या खोट्या नळ्या धरायला साफ नकार दिला. दिनकररावांनी आश्रुबाकडे आधी गडी पाठवला. आश्रुबानं सांगितलं, "नाव सांगून घ्यायची आमची चाल हाय. कुणाची नळी, ते सांग." गड्याला काय म्हणायची परवानगी आहे ते माहीत नव्हतं. तो गेला. मग त्या बाजाराला राजदूत आली.

बाक गच्च भरलेला. निम्म्या बाकावर बायका बसलेल्या, मधोमध मालनबाई, आणि शेजारी बायनाबाई. बायनाबाई डावखुरी. बाजारात मिळणारं प्रत्येक खुरपं उजव्या हाताला वळवलेलं, त्यामुळे तिचं मनगट जन्मभर दुखायचं. मालनबाईंनी तिला ओढून आणलं होतं. "ह्यांना सांग की. म्या सांगितलं तर ऐकलं, तुझं बी ऐकत्यात." पातं उलट्या बाजूला वळवून घ्यायचं काम चाललं होतं आणि सगळा बाक त्यात डोकं घालून बसला होता. दत्तराव मानेच्या जाडीबद्दल सल्ला देत होते.

"आश्रुबा," दिनकरराव म्हणाले, "चार नळ्या दे."

"कुणाच्या?"

"तुला ठाव हाय."

"नावानं मागत्यात, पाटील. घोटाळा होतो."

दिनकररावांनी बाकाकडे पाहिलं. बाकावरच्या कुणीही नजर काढली नाही. त्यांनी राजदूतचं इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "मालनबाईच्या."

ज्या तोंडातून तिला जन्मभर माले अशी हाक आली होती, त्या तोंडातून हे आलं. मी आतापर्यंत संशयी माणूस म्हणून जगलो आहे, पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला आणि मी तो लपवला नाही.

मालनबाईंनी मान वर केली. आधी थोडं हसल्या. "थांबा पाटील," त्या म्हणाल्या, "बायनाबाईचं खुरपं व्हायलंय. ते झालं की तुमचं."

दिनकरराव थांबले. बायनाबाईनं डाव्या हातात खुरपं धरलं, मातीत टोचून पाहिलं, हवेत फिरवून पाहिलं, पुन्हा टोचून पाहिलं. अजून जरासं वाकडं पाहिजे, असं ती म्हणाली, आणि आश्रुबानं ते पुन्हा भट्टीत घातलं.